मोटारीचा हीटर : तापमानाचे नियंत्रण, बिघाड आणि दुरुस्ती

उष्णतेचा उगम

डॅशबोर्डावरील निळ्याकडून लाल रंगाकडे जाणारी कळ फिरवली की गरम हवा येऊ लागते. त्यामुळे ती कळच उष्णता निर्माण करते, असा समज होतो. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या सामान्य गाडीत हीटरसाठी वेगळे इंधन जळत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उपयोगी कामाला लागते, एक तृतीयांश धुरावाटे बाहेर पडते आणि उरलेली बहुतांश इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये उतरते. ही उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडून द्यायचीच असते. हीटर तिचा लहानसा वाटा प्रवाशांकडे वळवतो आणि कळ त्या वाट्याचे प्रमाण ठरवते. म्हणून हीटरच्या बिघाडाचे मूळ दोनच ठिकाणी सापडते. एक तर उष्णता कूलंटमधून डॅशबोर्डपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचलेली उष्णता हवेत योग्य प्रमाणात मिसळली जात नाही. हा फरक आधी न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

हीटर कॉइल

इंजिन आणि प्रवासी कक्ष यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे, डॅशबोर्डच्या पोटात, शंभर पानी वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला हीटर कॉइल म्हणतात. एका रबरी नळीने गरम कूलंट तिच्यात येते, धातूच्या चपट्या नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या नळीने इंजिनकडे परत जाते. नळ्यांमधल्या पातळ पापुद्र्यांतून जाताना ब्लोअरची हवा तापते. आकाराच्या मानाने या कॉइलची क्षमता फार मोठी आहे. मिनिटाला ५ लिटर पाणी तिच्यातून जाऊन १० अंश सेल्सिअसने थंड झाले, तर सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता हवेत जाते. न्हाणीघरातला इन्स्टंट गीझर साधारण ३ किलोवॅटचा असतो. कूलंटमधील ग्लायकॉलची उष्णताधारकता पाण्यापेक्षा कमी असल्याने प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली येतो, इतकेच. एवढ्याशा जागेत हे साधते ते नळ्या अरुंद आणि पुष्कळ असल्यामुळे, आणि अरुंद नळ्या तुंबतातही लवकर.

नियंत्रणाच्या दोन पद्धती

पहिली पद्धत पाण्याची. हीटर कॉइलकडे जाणाऱ्या नळीवर एक कॉक बसवायचा आणि कळ फिरवून तो कमी-जास्त उघडायचा. रचना सोपी आहे, पण तापमान स्थिर राहत नाही. कॉक थोडासा उघडला तरी बरीच उष्णता येते आणि त्यानंतर कितीही उघडला तरी फरक थोडाच पडतो. शिवाय बहुतेक गाड्यांत कूलंटचा पंप इंजिनाबरोबर फिरत असल्याने चढावर आणि सिग्नलला थांबल्यावर मिळणारी हवा वेगवेगळी लागते. दुसरी पद्धत हवेची. तिच्यात कूलंट कॉइलमधून अखंड वाहू दिले जाते आणि हवेचा किती भाग कॉइलवरून न्यायचा, किती बाजूने काढायचा, हे एक झडप ठरवते. आजच्या बहुतेक गाड्यांत हीच पद्धत असते. काहींत दोन्ही एकत्र असतात.

गरम कूलंटवर बाहेरची ताजी हवा तापवून ती गाळून पंख्याने आत ढकलण्याची कल्पना अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणली आणि १९३९ मध्ये तिला थर्मोस्टॅट जोडून ‘वेदर आय’ हे नाव दिले. त्याआधीच्या अनेक हीटरांत एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवतीची हवाच थेट आत सोडली जाई. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचे इंजिन हवेने थंड होणारे होते. तिच्यात कूलंटच नसल्याने हीटरची हवा एक्झॉस्टवरील उष्णता-विनिमयकातून येत असे. पुढील विवेचन अशा गाड्यांना लागू पडत नाही.

मिश्रणाची झडप

हवेचा प्रवास ज्या क्रमाने होतो तो क्रम ध्यानात ठेवला की निम्मे कोडे सुटते. ब्लोअर हवा ढकलतो. ती सगळी हवा प्रथम एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते. मग मिश्रणाच्या झडपेपाशी तिचे दोन प्रवाह होतात. एक हीटर कॉइलवरून जातो, दुसरा तिला वळसा घालून पुढे येतो. दोन्ही पुन्हा मिसळतात आणि काच, छाती किंवा पाय यांच्याकडील तोंडांतून बाहेर पडतात. म्हणजे हीटर आणि एसी ही दोन स्वतंत्र यंत्रे नसून एकाच बोगद्यातील दोन टप्पे आहेत, आणि तापमानाची एकच कळ दोघांच्या मधली झडप हलवते.

कूलिंग कॉइलमधून १० अंशांची हवा येत आहे आणि हीटर कॉइलवरून गेलेली हवा ७० अंशांची होते, असे धरू. झडप पूर्ण बंद असेल तर १० अंशांची हवा मिळेल. तिच्या कडेतून एक दशांश हवा कॉइलकडे निसटली तर मिश्रण १६ अंशांवर जाते. एक चतुर्थांश निसटली तर २५ अंशांवर. बोटभर फटीचा हा परिणाम आहे.

झडप हलवणारी यंत्रणा

साध्या गाड्यांत कळ आणि झडप यांना एक तार जोडते. सायकलच्या ब्रेकसारखीच ती एका आवरणातून सरकते. आवरण एका क्लिपने पक्के धरलेले असते आणि तारेचे टोक झडपेच्या दांडीला अडकवलेले असते. महाग गाड्यांत, आणि आता अनेक मध्यम किमतीच्या गाड्यांतही, कळ फक्त विद्युत संकेत पाठवते आणि झडपेच्या आसावर बसवलेली छोटी मोटर झडप फिरवते. झडप नेमकी कुठे आहे हे नियंत्रकाला कळावे म्हणून तिच्यात बहुधा बदलता रोधक असतो. नियंत्रक त्याला ५ व्होल्ट देतो आणि झडपेच्या स्थितीप्रमाणे साधारण अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत संकेत परत येतो. काही मोटरींत असा रोधक नसतो. नियंत्रक झडप दोन्ही टोकांना टेकवून पाहतो आणि मधली पावले मोजतो. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारात झडपेची टोके नियंत्रकाला नव्याने ओळखून द्यावी लागतात.

स्वयंचलित नियंत्रण

पडद्यावर २४ अंश असे निवडता येणाऱ्या गाडीत कळीची जागा गणिताने घेतलेली असते. आतल्या हवेचे, बाहेरच्या हवेचे आणि कूलिंग कॉइलचे तापमान मोजणारे संवेदक, तसेच डॅशबोर्डवर काचेजवळ बसवलेला उन्हाचा संवेदक यांच्या आधारे नियंत्रक झडपेची जागा आणि ब्लोअरचा वेग ठरवतो. आतल्या हवेचा संवेदक बहुधा डॅशबोर्डमधील एका बारीक जाळीमागे असतो आणि त्यावरून थोडी हवा ओढली जाते. ती जाळी धुळीने भरली किंवा देवाच्या मूर्तीने झाकली गेली, तर संवेदकाला कक्षातील खरे तापमान कळत नाही आणि सगळी यंत्रणा धडधाकट असूनही हवा मनासारखी येत नाही. एवढी साधी गोष्ट सुटे भाग बदलण्यापूर्वी पाहिली जात नाही, हे खेदाचे आहे.

बिघाड कोणत्या बाजूला

बोनेट उघडल्यावर इंजिनामागच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन समांतर रबरी नळ्या दिसतात. इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्यावर, कळ पूर्ण लालकडे आणि ब्लोअर चालू ठेवून, इंजिन बंद केल्याबरोबर त्या दोन्ही नळ्या बोटाने चाचपून पाहाव्यात; पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात दूर असावा. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच तापलेल्या असतील, तर उष्णता डॅशबोर्डपर्यंत पोहोचते आहे आणि दोष हवेच्या बाजूला, म्हणजे झडप, तार किंवा मोटर यांत आहे. एक नळी चटका देणारी आणि दुसरी कोमट असेल, तर कॉइल तुंबलेली आहे किंवा कॉक बंद राहिला आहे. दोन्ही कोमट असतील, तर कूलंट कमी आहे, नळीत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे किंवा पंप थकला आहे.

या चाचणीला एक पैसा लागत नाही. इन्फ्रारेड तापमापी असेल तर बोटाऐवजी आकडा मिळतो, पण निष्कर्ष बदलत नाही.

कूलंटची पातळी आणि अडकलेली हवा

हीटर कॉइल कूलंटच्या चक्रात बऱ्याचदा उंचावर असते. म्हणून कूलंट कमी झाले की पहिली कोरडी पडते ती तीच. रेडिएटर भागवून नेतो, इंजिनाचा काटा अजून मधोमध असतो आणि हीटर मात्र थंड. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येणे, इंजिनाची गती वाढवली की गरम हवा आणि थांबले की थंड, ही याची ठळक लक्षणे. हीटर हा अशा वेळी कूलंट कमी झाल्याची आगाऊ सूचना देत असतो.

उपाय थंड इंजिनावरच करावा. कूलंटचे चक्र दाबाखाली असते. टोपीवर साधारण १ बार एवढा दाब धरलेला असल्याने आतील द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना टोपी उघडली की दाब एकदम उतरतो, द्रव क्षणात उकळतो आणि अंगावर उडतो. थंड इंजिनावर कूलंट भरून, गाडीचे तोंड थोडे चढाकडे ठेवून, कळ पूर्ण लालकडे करून इंजिन चालवले की अडकलेली हवा वर येते. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर नुसते भरत राहणे हा उपाय नव्हे; गळती शोधावी लागते.

उघडा राहिलेला थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरील मेणाची झडप. पितळी डबीतले खास मेण साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळून फुगते, एक दांडी ढकलते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोपर्यंत कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरते. म्हणूनच इंजिन सुरू झाल्यावर हीटर काही मिनिटांत तापतो. झडप उघडीच अडकली तर कूलंट पहिल्यापासून रेडिएटरमध्ये जाते. शहरात हवा बरी गरम लागते, महामार्गावर समोरचा वारा वाढला की थंड पडते. घाट उतरताना काटा खाली येतो. इंधनही जास्त जळते, कारण थंड इंजिनाला जादा पेट्रोल द्यावे लागते. अनेक गाड्यांत स्कॅनरवर पी०१२८ हा संकेत दिसतो.

काढलेला थर्मोस्टॅट पारखण्याची जुनी पद्धत आजही चोख आहे. पाण्याच्या पातेल्यात तो दोऱ्याने असा टांगायचा की तळाला टेकणार नाही, शेजारी तापमापी सोडायची आणि पाणी तापवायचे. पाणी गुणगुणू लागेपर्यंत काही घडत नाही. मग काठावर केसभर फट दिसते, आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पितळी तबकडी चांगली सात-आठ मिलिमीटर खाली सरकते. फट कोणत्या आकड्याला दिसली तो आकडा थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी पडताळायचा. थंड असतानाच फट दिसत असेल तर तो सरळ बदलावा. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाकणे बरे, असा सल्ला अजून काही ठिकाणी मिळतो. तो चुकीचा आहे. त्याने इंजिन कायम थंड राहते, झिजते आणि हीटर निकामी होतो.

तुंबलेली कॉइल

महाराष्ट्रात हीटर कॉइल तुंबण्याचे मुख्य कारण पाणी आहे. कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय जुनी आहे. जड पाण्यातील बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. आंघोळीचे पाणी तापवण्याच्या सळईवर जी पांढरी खपली धरते तीच ही. तिच्यात गंजाचा लाल गाळ मिसळतो. दुसरे कारण गळती थांबवण्याचे घरगुती उपाय. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती ट्रकचालकांपासून मोटारमालकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे, आणि बाजारात तयार भुकट्याही मिळतात. रेडिएटरचे बारीक छिद्र बुजवणारा कण हीटर कॉइलची अरुंद नळीही बुजवतो. त्या कणाला छिद्र कुठले आणि नळी कुठली, हे ओळखता येत नाही.

दुरुस्ती म्हणजे उलट्या दिशेने धुणे. दोन्ही नळ्या कॉइलपासून सोडवून, जिकडून कूलंट बाहेर पडते तिकडून कमी दाबाने स्वच्छ पाणी सोडायचे. आधी तपकिरी, मग गढूळ, शेवटी निवळ पाणी येते. दिशा आलटून-पालटून हे काही वेळा करावे लागते. दाबाचा मोह आवरावा. गाड्या धुण्याच्या पंपाचा दाब कॉइलचे सांधे उकलू शकतो. तीव्र आम्लही टाळावे, कारण आजच्या बहुतेक कॉइली अॅल्युमिनियमच्या असतात आणि आम्ल थराबरोबर धातूही खाते. नंतर निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. हिरवे, लाल, निळे हे कूलंटचे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले आहेत. रंग जुळला म्हणजे रसायन जुळले असे होत नाही. धुऊनही वाट मोकळी झाली नाही तर कॉइल बदलावी लागते, आणि पुष्कळ गाड्यांत त्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सुटा भाग स्वस्त, मजुरी महाग असे हे काम आहे.

निसटलेली तार

कळ अचानक सैल फिरू लागली, तिच्यात काही वजनच जाणवेना, तर तार निसटली किंवा तुटली. कळ फार जड झाली तर तार आवरणात गंजली किंवा झडपेचा आस आवळला. कळ मधल्या टप्प्यापर्यंतच परिणाम दाखवत असेल तर आवरणाची क्लिप सरकली. पायाजवळच्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे डोकावून, दुसऱ्या कोणी कळ फिरवली असता झडपेची दांडी हलते का, हे पाहता येते. बसवताना क्रम महत्त्वाचा: कळ पूर्ण निळ्याकडे, दांडी हाताने पूर्ण थंडीच्या टोकाला, आणि मगच आवरणावर क्लिप दाबायची. उलट केले तर दोन्हीपैकी एक टोक कधीच गाठले जात नाही. दहा मिनिटांचे काम आहे, पण अनुभवी हातही इथे घाईत चुकतात.

टिकटिकणारी मोटर

गाडी सुरू केल्यावर किंवा तापमान बदलल्यावर डॅशबोर्डमागून घड्याळासारखी टिकटिक येणे आणि एका बाजूची हवा सतत गरम किंवा सतत थंड राहणे, ही झडपेच्या मोटरीची ओळख. मोटर मुठीत मावणाऱ्या काळ्या डबीत असते. झाकण उचकटले की आत बोटाच्या पेराएवढी विजेची मोटर, तिच्या आसावर एक स्क्रूसारखे दातेरी टोक आणि त्यापुढे एकाहून एक मोठी तीन-चार पांढरी प्लॅस्टिकची चाके दिसतात. वेग कमी करत आणि जोर वाढवत शेवटचे चाक झडपेचा आस फिरवते. बिघडलेल्या डबीत बहुधा त्या शेवटच्या चाकाचा एकच दात गेलेला असतो. तो तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा पिवळसर ग्रीसमध्ये रुतलेला सापडतो. उरलेले चाक नव्यासारखे असते. मोटर फिरते, चाक त्या रिकाम्या जागेशी येऊन घसरते, पुन्हा पकडते, पुन्हा घसरते. बाहेर ऐकू येते ती टिकटिक हीच.

दात का तुटला, हे विचारल्याशिवाय नवी मोटर बसवू नये. मोटर काढल्यावर झडपेचा आस बोटांनी फिरवून पाहावा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद फिरला पाहिजे. मध्येच अडखळत असेल तर काचेजवळच्या जाळीतून आत पडलेले पेनचे टोपण, वाळलेले पान किंवा झडपेच्या कडेचा सुटलेला फोम तिथे असू शकतो. अडथळा तसाच ठेवून बसवलेली नवी मोटर जुन्याच मार्गाने जाते.

बदलताना डॅशबोर्डमधील पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये, कारण त्या एअरबॅगच्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे. नवी मोटर बसल्यावर टोके ओळखून देण्याची प्रक्रिया गाडीगणिक वेगळी असते. काही गाड्यांत इग्निशन चालू करताच ती आपोआप होते, काहींत ठरावीक बटणे एकत्र दाबावी लागतात, काहींना स्कॅनर लागतो. बॅटरी बदलल्यावर अचानक हीटर बिघडला अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा मोटर ठीक असते आणि फक्त ही ओळख पुसली गेलेली असते.

उन्हाळ्यात दिसणारा हीटरचा बिघाड

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात हीटर वर्षातून मोजके दिवस लागतो. म्हणून त्याचा बिघाड थंडीत फारसा कळत नाही. तो मे महिन्यात एसीची तक्रार बनून समोर येतो. झडप पूर्ण मिटत नसेल, तर कूलिंग कॉइलने थंड केलेली हवा लगेच ९० अंशांच्या कूलंटजवळून जाते आणि कोमट होते. वर दिलेले १६ आणि २५ अंशांचे आकडे हेच सांगतात. एसी थंड करत नाही म्हटल्यावर पहिला उपाय बहुधा गॅस भरण्याचा असतो. गॅस भरला जातो, पैसे जातात, हवा तशीच राहते. मग कॉम्प्रेसरवर संशय जातो.

खरा दोष ओळखण्याची चाचणी सोपी आहे. एसी चालू ठेवून तोंडातल्या हवेत तापमापी धरावी आणि हीटर कॉइलकडे जाणारी रबरी नळी बोथट जबड्याच्या नळी-चिमट्याने काही मिनिटे दाबून बंद करावी. हवा स्पष्टपणे थंड होत गेली तर एसी निर्दोष असून झडप गळते आहे. नळी जुनी आणि कडक झाली असेल तर दाबू नये, ती चिरते. साध्या पक्कडीने तर कधीच दाबू नये. दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत एका बाजूची हवा गरम आणि दुसरीची थंड असेल तर झडपेचा संशय बळावतो. पण गॅस कमी असतानाही असा फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही तपासावे. तोंडांतून काळ्या फोमचे चुरगळलेले कण उडत असतील तर झडपेच्या कडेचा फोम कुजला आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

काचेवरील बाष्प

आंबोली किंवा ताम्हिणी घाटात जुलैच्या पावसात गाडी चालवताना हीटरचे खरे मोल कळते. काच धुरकटते ती दोन वेगळ्या कारणांनी, आणि दोन्हींचा उपाय तापमानाच्या कळीशी येऊन मिळतो. पावसाने थंड झालेल्या काचेच्या आतल्या बाजूला प्रवाशांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प जमते. इथे एसी आणि हीटर एकत्र चालवायचे असतात: कूलिंग कॉइल हवेतले पाणी काढून घेते, हीटर कॉइल ती कोरडी हवा ऊबदार करते आणि अशी हवा काच झपाट्याने निवळते. आतलीच हवा फिरवण्याचे बटण मात्र बंद हवे, नाहीतर तेच बाष्प पुन्हा पुन्हा फिरते.

दुसरा प्रकार काचेच्या बाहेरचा. कोकणात जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. एसीची गार हवा काचेवर सोडून काच २० अंशांपर्यंत थंड केली, तर बाहेरच्या हवेतील बाष्प काचेच्या बाहेरच्या बाजूवर दवासारखे बसते. वायपर ते पुसतो आणि काही क्षणांत ते परत येते. कळ थोडी लालकडे वळवली की काच दवबिंदूच्या वर जाते आणि धुके थांबते. झडप निळ्या टोकाला अडकलेली असेल तर चालकाच्या हातात हा उपाय राहत नाही.

बायपास

कॉइल गळू लागली की तिच्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूला एकमेकींना जोडून टाकायच्या आणि हीटर कायमचा वगळायचा, असा मार्ग गॅरेजमध्ये सर्रास घेतला जातो. आपल्याकडे थंडी कुठे पडते, हा त्यामागचा युक्तिवाद. रस्त्यात अडकलेल्या गाडीला घरी पोहोचवण्यासाठी हा उपाय योग्य आहे. कायमचा करणे योग्य नाही. पावसाळ्यात काच निवळण्याचे साधन त्यामुळे जाते. चढणीवर इंजिन तापू लागल्यास हीटर पूर्ण चालू करून तीन-एक किलोवॅट उष्णता काढून घेण्याची संकटकालीन सोयही जाते. एप्रिलच्या दुपारी घाट चढताना काचा उघडून हीटर लावणारे जुने चालक ही सोय चांगली ओळखून होते.

गळती

कॉइल आतल्या आत गळत असेल तर गोडसर वास येतो, काचेवर तेलकट पापुद्रा बसतो आणि पुढच्या आसनापुढचा गालिचा ओला होतो. एसीचे पाणी तुंबूनही गालिचा ओला होतो, म्हणून ओल बोटाला लावून पाहावी: पाणी निव्वळ ओले, कूलंट चिकट. चाखून मात्र कधीही पाहू नये. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे. सांडलेले कूलंट कुत्री चाटतात आणि दगावतात, तेव्हा ते लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

विजेच्या गाड्या

इंजिन नसल्याने इथे फुकटची उष्णता नाही. बॅटरीच्या विजेवर तापणारा पीटीसी हीटर किंवा उष्णता-पंप ते काम करतो, म्हणून हीटरचा वापर थेट गाडीच्या पल्ल्यातून वजा होतो. हवेची बाजू, म्हणजे झडपा आणि त्यांच्या मोटरी, बऱ्याच गाड्यांत ओळखीचीच आहे. उष्णतेची बाजू मात्र शेकडो व्होल्टवर चालते. तिच्या तारा नारंगी वेष्टनाच्या असतात आणि त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये.

दुरुस्तीनंतरची तपासणी

इंजिन तापल्यावर मधल्या तोंडात तापमापी धरून कळ निळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत थोडी थोडी फिरवावी आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबावे. आकडा टप्प्याटप्प्याने चढला पाहिजे आणि परतीच्या वाटेवर जवळजवळ त्याच टप्प्यांनी उतरला पाहिजे. मध्येच एकदम उडी असेल तर तारेची क्लिप किंवा मोटरीची ओळख अजून जुळलेली नाही. कूलंटला हात लागला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतील पातळी पुन्हा पाहावी. रात्रीतून आतला शेवटचा बुडबुडा वर येतो आणि पातळी बोटभर उतरते. तेवढे भरून, तिसऱ्या दिवशी ती तिथेच राहिली तर काम पूर्ण झाले.